खुंटीवरचे पेले

दिवाळी उरकली की आमच्या मेहरूणच्या रस्त्यावरून कापसाचे टेम्पो जायला लागतात. ताडपत्री कितीही आवळून बांधली तरी कुठून तरी एखादा पुंजका निसटतोच, आणि मग तो कडेच्या बाभळीला अडकून महिनाभर तिथेच हालत राहतो. सकाळी तलावावर फिरायला जाताना तो दिसला की मी थांबतो. बरोबरची मंडळी पुढे जातात. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला दम लागला. दम लागलेला असतोच, पण थांबण्याचं कारण ते नसतं. नाकात एकदम सरकीचा तेलकट वास भरतो, कानात घुंगरमाळा वाजतात, आणि जिभेवर गुळाच्या चहाची चव येते. ही चव आता कुठेही मिळत नाही, म्हणून ती येऊन जाईपर्यंत मी उभा राहतो.

तलावाच्या काठी एक चहाची गाडी लागते. फिरून झालं की सगळे तिथे टेकतात. चहावाला कागदी कपांची उंच चळत काढून बसलेला असतो. दोन घोटांत संपणारा चहा आणि मुठीत चुरगळणारा कप. मी पिशवीतून माझा पितळी पेला काढतो. मग कुणीतरी म्हणतंच, "आले बघा काका, संस्थानचा पेला घेऊन." मी हसतो. या वयात लोकांना आपल्यावर हसण्याचं एक ठरलेलं कारण दिलेलं बरं, म्हणजे ते दुसरी शोधत नाहीत.

चहा झाला की कप जिथे माणूस बसला असेल तिथेच पडतात. वारा सुटला की घरंगळत तलावात जातात आणि पाण्यावर पांढरे पांढरे तरंगतात. लांबून बगळे बसल्यासारखे वाटतात, जवळ गेलं की कळतं. सफाईच्या कामावरची शोभाबाई पोतं घेऊन ते गोळा करत असते. कमरेत वाकलेली, हातात लांब काठी, काठीच्या टोकाला खिळा. एकदा मी तिला विचारलं, रोज किती भरतं? तिनं पोत्याकडे पाहिलं आणि म्हणाली, रविवारी दोन. बाकी ती बोलत नाही. आम्ही सगळे तिच्यासमोर कप टाकतो आणि ती आमच्यासमोर उचलते.

लोक म्हणतात, फेकायचा कप सोयीचा पडतो. धुवायला नको, सांभाळायला नको. खरं आहे. पण त्याची आणखी एक सोय आहे, ती कुणी बोलून दाखवत नाही. आपल्याआधी त्यातून कोण प्यालं हा प्रश्नच उरत नाही. ही सोय मी कागदी कप जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, कापसाच्या एका हंगामात अगदी जवळून पाहिली आहे.

तेव्हा देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांचा होतो आणि अमळनेरच्या बाहेर, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जीनमध्ये फाटकावरचा कारकून होतो. आलेल्या गाडीला नंबर द्यायचा, गाडीवानाचं नाव-गाव लिहून घ्यायचं आणि नंबर आला की हाक मारायची, एवढंच काम. पण त्या चिठ्ठ्यांमुळे सगळे मला भाऊ म्हणत आणि माझी मान थोडी ताठ झाली होती.

काय दिवस होते ते! कार्तिकातल्या थंडीत पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. कापसानं फुगलेल्या गाड्या, वर घोंगडी पांघरून बसलेला गाडीवान आणि बैलांच्या नाकातून निघणारी वाफ. भोंगा झाला की एंजिन धडधडायला लागे आणि आवारावर रुईची बारीक लव उडू लागे. ती सगळ्यांच्या भुवयांवर बसे, मिशांवर बसे. दुपारपर्यंत तरणेताठे हमालसुद्धा म्हातारे दिसायला लागत. गाड्यांखाली भाकऱ्या सुटत, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि कांदा. नंबर यायला कधी दिवस लागे, कधी दीड. एवढ्या वेळात माणसाला दोन गोष्टी लागत. एक म्हणजे सावली, ती फाटकाजवळच्या निंबाची होती. आणि दुसरी चहा. तो धुरपाअक्काचा होता.

धुरपाअक्का चाळिशीची असेल. नवरा याच जीनमध्ये हमाल होता, तो गेल्यावर तिनं जीनच्या भिंतीला लागून चार बल्ल्या उभ्या केल्या, वर पत्रा टाकला आणि चूल पेटवली. घरी एक आंधळी सासू. दोघींचं सगळं त्या चुलीवर चाले. अक्का बोलायला फटकळ, हाताला सढळ. गूळ जरा जास्तच टाकायची. आणि तिचा चहा मिळायचा मातीच्या कुल्हडात.

ही पद्धत आमच्याकडची नव्हे. भुसावळला उत्तरेकडच्या गाड्या थांबत, तिथे फलाटावर कुल्हडातला चहा मिळे. अक्काच्या नवऱ्यानं तो कधीतरी पाहिला होता. बोरी नदीच्या काठचा एक कुंभार गाढवावर गवतात रचून कुल्हडं आणून टाकी. आणि ती फोडायची काय मजा होती म्हणता! निंबाखाली एक काळा दगड होता. चहा संपला की बसल्या जागेवरून त्या दगडावर नेम धरायचा. खळ्ळ असा आवाज झाला की बाकीचे वाहवा करत. नेम चुकला तर चिडवत. मीही खेळलो आहे. माझा नेम कधीच लागत नसे.

आता कळतं ते असं की, आमच्या सगळ्यांचं त्या कुल्हडाशी इतकं जमलं होतं त्याला कारण होतं. आवारात नाना जातींची माणसं येत. घरी प्रत्येकाचं पाणी वेगळं, पंगत वेगळी, अंगतपंगत फक्त आपल्यातली. इथे मात्र सगळे एका चुलीचा चहा पीत आणि कुणाला काही खटकत नसे, कारण कुल्हड एकदाच ओठाला लागे आणि फुटे. उष्टं कुणाचंच कुणाला नाही. दगडावर फोडलं की प्रश्नही फुटला. आम्ही स्वतःला मोठे सुधारलेले समजत होतो.

फुटलेली खापरं गोळा करायचं काम संपतचं. संपत जीनचं आवार झाडायचा. पन्नाशीचा, उंच, खांदे किंचित पुढे आलेले. गावकुसाबाहेरच्या वस्तीत राहायचा. त्याच्या निम्म्या वयाची पोरंही त्याला संपत म्हणून हाक मारत, मीही. तो टोपलीनं खापरं भरून नाल्यात नेऊन टाकी. पण रोज इतकी फुटत की सगळी उचलणं शक्यच नव्हतं. बारीक तुकडे मातीत मुरत आणि गाड्यांच्या चाकांनी पुन्हा वर येत. त्यालाही चहा मिळे. टपरीच्या मागच्या अंगाला तो बसे, आणि अक्का लांबून कुल्हडात ओतून पुढे सरकवी. तोही चहा पिऊन कुल्हड फोडी. सगळ्यांसारखंच.

त्या वर्षी हंगाम ऐन रंगात असताना उखाआबांच्या बैलाच्या पायात खापर गेलं.

उखाआबा म्हणजे आमच्या आवारातली मानाची असामी. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांनी जरा अधू. त्यांची जोडी हरण्या आणि मोत्या. असे बैल की लोक आपला नंबर सोडून पाहायला येत. दुपारची वेळ होती. आबा जोडी पाण्यावर नेत होते, आणि हरण्या मध्येच तीन पायांवर उभा राहिला. चौथा पाय टेकवीचना. खुराच्या बेचक्यात तुकडा खोल रुतला होता. हरण्या कुणाला जवळ येऊ देईना. दोघा-तिघांना त्यानं शिंग दाखवलं. तेवढ्यात संपत झाडू टाकून आला. बैलाच्या मानेखाली हळूहळू खाजवत राहिला, मग खाली बसला, आणि हरण्याचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. हरण्या थरथरला, पण त्यानं पाय काढून घेतला नाही. अक्का चुलीवरून कोमट तेल-हळद घेऊन आली. संपतनं दोन बोटांनी खापर उपसून काढलं. रक्ताच्या खालीसुद्धा त्याच्यावर चहाचा डाग दिसत होता.

अक्कानं ते हातात घेतलं. पदरानं पुसलं. मग दोष स्वतःकडे घेत आबांना म्हणाली, "हाई खापर मन्हं शे."

आबा एक शब्द वाकडा बोलले नाहीत. बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. बोलले असते तर अक्काला सोपं गेलं असतं, असं मला तेव्हाच वाटलं होतं.

जीनचा कारभार पाहणाऱ्या दिवाणजींनी मात्र बोलायचं ते बोलून घेतलं. आवारात खापर दिसता कामा नये, म्हणाले. स्टेशनाजवळचा एक हॉटेलवाला कपबशा घेऊन त्या जागेवर यायला टपलेलाच होता. संक्रांतीपर्यंत बघतो, नाहीतर जागा त्याला. अक्कानं मान हलवली. पण दिवाणजी यायच्या आधीच तिनं उरलेली कुल्हडं गवतात बांधून बाजूला ठेवली होती, हे मी पाहिलं होतं. तो निर्णय दिवाणजींचा नव्हता, तिचा होता. एवढं श्रेय तिचं तिला द्यायलाच हवं.

प्रश्न असा की, कुल्हड नाही तर चहा द्यायचा कशात? सगळ्यांच्या ओठांना लागणाऱ्या कपबशा घेतल्या तर गाडीवान त्यांना तोंड लावणार नाहीत, हे तिला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तिनं कमरेला पदर खोचला आणि रांगेतल्या एकेका गाडीजवळ जाऊन सांगितलं, पुढच्या खेपेला येताना घरून आपला पेला आणा. लोक हसले. चहा प्यायला घरून भांडं आणायचं म्हणजे काय? अक्का म्हणाली, "पंगतले जातस तवय घरनं ताट-तांब्या लई जातस ना? मंग चहाले पेला लयाले काय व्हस?"

तिचं बरोबर होतं. आमच्या खेड्यांत जेवणाचं आवतण आलं की घरातले सगळे आपापलं ताट नि तांब्या काखोटीला मारून निघत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. पत्रावळी असत त्या मोठ्यांच्या लग्नात. एरवी गावजेवणाला जाणारी वाट ताटांवर उन्हं पडून चकाकत जायची. ते दृश्य मी अजूनही डोळे मिटून पाहू शकतो.

मग पेले येऊ लागले. किती तऱ्हांचे! काशाचे, पितळेचे, कल्हई उडालेले तांब्याचे. सरकी निवडायला येणाऱ्या बायकांपैकी एकीनं नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी आणली. उखाआबा उसना बैल जोडून आले ते चक्क पाण्याचा तांब्याच घेऊन. अक्कानं त्यात मापाचा चहा ओतला तर बूडसुद्धा धड भिजेना. आबांनी आत वाकून पाहिलं आणि म्हणाले, चहा कुठे गेला? त्या दिवशी आवारभर हशा झाला. पुढच्या बाजाराला आबांनी पितळी पेला घेतला.

अक्कानं बाभळीच्या खुंट्या करून भिंतीत ठोकल्या. दोन ओळी, खांद्याच्या उंचीवर. प्रत्येकानं आपला पेला काठाखाली सुतळी बांधून तिथे टांगून जायचा, पुन्हा आला की काढून घ्यायचा. धुवायचा ज्याचा त्यानं. एंजिनाचं गरम पाणी एका नळातून बाहेर सोडत, तिथे राखेचा ढीग ठेवला. थंडीत त्या गरम पाण्यात हात घालायला मिळतो म्हणून लोक पेला दोन-दोनदा धूत. कुंभार आधी रागावला होता. अक्कानं त्याच्याकडून पाण्याचे दोन मोठे रांजण घेतले आणि त्याला पहिला चहा पाजला, तेव्हा तो निवला.

पेले सारखेच दिसायला लागले तसा भांड्यांवर नावं टोचून देणारा एक माणूस बाजारातून येऊन निंबाखाली बसला. छिन्नी नि छोटी हातोडी. पण नाव वाचणार कोण? बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. मग कुणी विळा काढून घेतला, कुणी नांगर, कुणी चंद्र, एकानं विंचू. उखाआबांनी शिंगांची जोडी काढून घेतली. टक टक टक असा आवाज दिवसभर चाले, आणि मी चिठ्ठ्या लिहिता लिहिता ऐकत बसे. दगडावर फुटणाऱ्या कुल्हडांच्या आवाजापेक्षा तो मला आवडायला लागला होता. आवार दिवसेंदिवस स्वच्छ होत चाललं. सकाळचं ऊन त्या भिंतीवर पडलं की तीसेक पेले एकदम पेटत. मी कितीतरी देवळं पाहिली, पण तसं सकाळचं दर्शन मला फार थोड्या ठिकाणी झालं आहे.

माझा पेला मात्र त्या भिंतीवर नव्हता. तो माझ्या टेबलाच्या खणात असे. घरी सोवळ्याचं वातावरण, आई कडक, ही कारणं होतीच. पण खरं सांगायचं तर मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

आणि एकाचं कुल्हड उरलं होतं.

अक्कानं गवतात बांधून ठेवलेल्यांतलं एकेक ती रोज काढी आणि मागच्या अंगाला सरकवी. सवयीनं. तिच्या मनात काही नव्हतं हे मी खात्रीनं सांगतो. पण आता बाकी सगळे पितळेतून पीत होते आणि संपत एकटा मातीतून. इतके दिवस सगळ्यांच्या खापरांत त्याचं खापर लपून गेलं होतं. आता दगडावर फुटणारं ते एकच असे. त्यानंही ते फोडणं बंद केलं. चहा पिऊन कुल्हड टोपलीत ठेवी आणि नाल्यात नेऊन टाकी.

एका सकाळी तो टपरीच्या पुढच्या अंगाला आला. हातात झाडू नव्हता, नवा पितळी पेला होता. त्यावर अक्षरं होती, चांगली वळणदार. त्यानं स्वतः कागदावर लिहून नेली होती. रात्रीच्या शाळेत तो शिकला होता, हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं पेला पुढे केला आणि शांतपणे विचारलं, "अक्का, घरना पेला लयाना ते माले बी सांगं व्हतं का?"

बाकावर सहा-सात गाडीवान होते. मी फाटकात उभा होतो. अक्काचा पळा हातातल्या हातात राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काय काय गेलं ते मी पाहिलं. आधी ती दचकली, मग शरमली. स्वतःच्याच हाताकडे तिनं असं पाहिलं, जणू तो परक्याचा आहे. मग म्हणाली, "मी बठ्ठासले सांगं." सगळ्यांना, म्हणजे त्यालाही. पेला घेतला, त्यात चहा ओतला. संपतनं तो तिथेच उभ्यानं प्याला, गरम पाण्याखाली धुतला, आणि अक्कानं तो वरच्या ओळीत उखाआबांच्या पेल्याशेजारच्या रिकाम्या खुंटीला टांगला.

कुणी काही बोललं नाही. आमच्याकडे लोक भांडायला लागले की काळजी नसते. गप्प बसले की समजावं. संध्याकाळपर्यंत दहा पेले खुंट्यांवरून उतरले. दुसऱ्या दिवशी आणखी. आवारात गाड्या तेवढ्याच, पण अक्काच्या बाकावर कुणी बसेना. लोक शेकोटीभोवती बसत आणि चुलीकडे पाठ करत. अक्का रोज पहाटे चूल पेटवी, आधण ठेवी, आणि दुपारी बहुतेक सगळं ओतून देई. कपबशीवाला एकदा येऊन जागा पावलांनी मोजून गेला. संक्रांत दहा दिवसांवर होती.

दिवाणजी तिला म्हणाले, एक पेला खाली काढ, सगळे परत येतील. खोटं नव्हतं ते. संपतनंही तेच सांगितलं. त्यानं हात वर केला होता पेला काढायला. अक्कानं त्याचा हात धरला नाही, पण मध्ये जाऊन उभी राहिली. सासूच्या तोंडातला घास जात होता, आणि ही बाई आपल्या भिंतीला पाठ लावून उभी. मी तेव्हा तिचं कौतुक मनातल्या मनात केलं. ते स्वस्त पडतं. माझा चहा त्या आठ दिवसांत घरून फिरकीच्या तांब्यातून येत होता. सर्दी झालीय, असं मी सांगितलं होतं.

नवव्या दिवशी उखाआबा आले.

दुसऱ्या वेचणीच्या गडबडीत ते तीन आठवडे फिरकले नव्हते, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. हरण्या बरा झाला होता. घुंगरमाळेचा आवाज धुक्यातून आला आणि सगळ्यांनी ओळखला. आबांनी जोडी सोडली, चारा टाकला, आणि हात चोळत थेट टपरीवर गेले. त्यांना अक्षर येत नव्हतं, डोळे अधू, त्यातून धुकं. आपला पेला ते मोजून ओळखत. वरच्या ओळीत डावीकडून चौथा. पण ते खुंट्या मोजत नसत, पेले मोजत. आणि त्यांच्या आधीच्या तिघांतला एक पेला रागानं घरी गेला होता. आबांनी बोटानं एक, दोन, तीन केलं आणि चौथा काढला. अक्काची पाठ होती. तिनं हात पुढे आला तसा चहा ओतला. आबांनी फुंकर मारली आणि घोट घेतला.

शेकोटीजवळचा एक जण उठून उभा राहिला. म्हणाला, आबा, तो तुमचा नाही. आबांनी पेला फिरवून पाहिला. शिंगं दिसेनात. अंगठ्यानं चाचपलं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि मला हाक मारली. "भाऊ, तुमले वाचता येस. काय लिखेल शे यानावर?"

मी जवळ गेलो. वाचलं तर टपरी आजच गेली, असं मला वाटलं. नुसती नक्षी आहे म्हणून सांगावं, असंही मनात येऊन गेलं. मी अक्काकडे पाहिलं. ती म्हणाली, वाचा भाऊ, जे आहे ते वाचा. मी वाचलं. "संपत राघो."

संपत नळाजवळ उभा होता. सगळं आवार आबांच्या हाताकडे पाहत होतं. आबांनी पेल्यात पाहिलं. चहा बराच उरला होता. ते वळले आणि शेकोटीकडे तोंड करून म्हणाले, "हरण्यानी संपतना मांडीवर पाय ठेवा, तवय तुम्ही बठ्ठा आठेच व्हतात. तवय कोन्ही काही बोलनं नही." आणि उरलेला चहा सावकाश पिऊ लागले. आमचे लोक चहा भराभर पितात. आबांनी त्या दिवशी फार वेळ लावला.

तेव्हा संपत पुढे आला. त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "आबा, पेला रिकामा व्हयना व्हई ते द्या. मन्हा चहा अजून ऱ्हायेल शे."

आधी आबाच हसले. मग अक्का हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली. आबा नळावर गेले, राखेनं पेला घासला, गरम पाण्यानं विसळला आणि संपतच्या हातात दिला. वर टांगला नाही, पुढे सरकवला नाही, हातात दिला.

त्याच दुपारी दोन पेले भिंतीवर परत आले. दुसऱ्या दिवशी पाच. सगळे आले असं नाही. काहीजण गाडीतच भांडं ठेवत आणि चहा तिथे नेऊन पीत. विंचवाचा पेला त्या हंगामात आलाच नाही. पण संक्रांतीला दिवाणजी पाहायला आले तेव्हा आवारात खापराचा तुकडा नव्हता आणि बाकावर बसायला जागा नव्हती. पाहून ते परत गेले. चार दिवसांनी एका हमालाबरोबर त्यांचा पेला आला. त्या वर्षापासून पोरं संपतनाना म्हणायला लागली. कुणी ठरवलं नव्हतं, पण म्हणायला लागली.

माझा पेला मी तिसऱ्या दिवशी टांगला. निम्मे परत आल्यावर. कुणाच्या लक्षातही आलं नसेल. माझ्या आहे.

पुढे बऱ्याच वर्षांनी आबा आजारी म्हणून मी त्यांच्या गावी गेलो होतो. अंगणात बाजेवर बसलो, चहा आला. मी धीर करून विचारलं, आबा, त्या दिवशी चूक झाली नसती तर? त्यांनी हातातला पेला बाजेवर ठेवला. म्हणाले, "पहिला घोट चुकीना व्हता, भाऊ. बाकीना चहा मी पिना."

पहिला घोट चुकून घेतलेला, बाकीचा चहा स्वतःहून प्यालेला, हे मी कितीदा मनात घोळवलं असेल! माणसाचं मोठेपण कुठे सुरू होतं याचं याहून नेमकं उत्तर मला मिळालेलं नाही. मिशा पांढऱ्या झालेल्या, अंगठा उठवणाऱ्या त्या माणसाला ते एका घोटात कळलं. मला, चार बुकं शिकलेल्याला, आठ दिवस पुरले नाहीत. आणि धुरपाअक्काला तर घोटाचीही वाट पाहावी लागली नाही. तिला चूक दिसली, तिनं हात पुढे केला, बस्स. कचरा कमी करायचा म्हणून निघालेली बाई कुठल्या कुठे जाऊन पोचली. आता जीन नाही, निंब नाही. त्या भिंतीत म्हणे अजून काही खुंट्या आहेत.

म्हणून मी पेला बाळगतो. लोकांना वाटतं, तलावात कप जाऊ नयेत म्हणून. तेही खरंच आहे. तलाव आपलाच आहे आणि पाण्यावरचे ते पांढरे कप पाहवत नाहीत.

परवाची गोष्ट. टेम्पो नुकतेच सुरू झालेत. बाभळीवरचा पुंजका पाहत पाहत मी गाडीपाशी आलो आणि पिशवीत हात घातला तर पेला नाही. ओट्यावर धुऊन ठेवला तो तिथेच राहिला होता. चहावाल्यानं सवयीनं कागदी कप ओढला. मंडळींना आनंद झाला. काका सापडले आज! मी नको म्हणालो. मग चहा नकोच, म्हणालो. पण थंडी होती आणि वाफ नाकात जात होती, आणि माझ्या आवाजात काही जोर नव्हता.

शोभाबाई थोड्या अंतरावर पोतं टेकवून आपला चहा पीत होती. स्टीलचा छोटा पेला, कड जराशी चेपलेली. इतके दिवस रोज पाहत होतो, पण ती कशातून पिते ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. तिनं चहा संपवला, बाटलीतल्या पाण्यानं पेला धुतला, पदरानं पुसला, आणि दोन पावलं पुढे येऊन धरला. "बाबा, मन्हा घ्या. धुयेल शे."

बाकावर सगळे एकदम गप्प झाले. ही शांतता माझ्या ओळखीची होती.

मी पेला घेतला. चहावाल्यानं ओतला. पेला धुतल्यामुळे अजून गार होता, चहाची ऊब हळूहळू बोटांत आली. फुंकर मारली, ओठाला लावला. साठ वर्षांहून जास्त उशीर झाला होता. पण या वेळी पहिला घोटही माझाच होता.